वगळलेलं पान

युनिस गॉर्नलने ते पान फाइलमधून काढलं तेव्हा तिच्या मनात कुणाला फसवायचं नव्हतं. निदान पुढची काही वर्षं ती स्वतःची अशीच समजूत घालत राहिली.

इंग्लंडमधल्या मोरकमच्या व्हाइटसाइड लाँड्रीत ती सव्वीस वर्षं हिशेब पाहत होती. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. समुद्रकाठच्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, लँकेस्टरच्या दोन इस्पितळांचे कपडे, असे आठवड्याला साठ हजार नग तिथे धुतले जात. मालक जेराल्ड व्हाइटसाइड. कामगारांच्या कँटीनमध्ये बसून त्यांच्यातलाच एक होऊन जेवणारा, प्रत्येकीच्या मुलांची नावं पाठ असलेला. पण कागदपत्रं समोर आली की त्याला घाम फुटायचा.

२००७ साली त्याने नवं यंत्र घ्यायचं ठरवलं. एका तोंडातून मळकी चादर आत, दुसऱ्या तोंडातून धुतलेली बाहेर, मध्ये बोगद्यासारखं लांबलचक धूड. त्यासाठी बँक चौदा लाख पौंड कर्ज द्यायला तयार होती. मुदत सात वर्षं, व्याज बदलतं.

"बदलतं म्हणजे?" जेराल्डने विचारलं.

"बाजारात दर वर गेला की आपलाही वर. खाली आला की खाली," युनिस म्हणाली.

"वर किती जाईल?"

"ते कोण सांगणार?"

ब्याण्णव सालची ती दुपार जेराल्ड विसरला नव्हता. व्याजाचा दर दहाचा बारा आणि बाराचा पंधरा होणार असं एकाच दिवसात रेडिओवर जाहीर झालं, आणि त्याचे वडील कोट चढवून, कुणाशी एक शब्द न बोलता, किनाऱ्यावर निघून गेले होते. संध्याकाळी सरकारने माघार घेतली म्हणून लाँड्री वाचली. म्हातारा मात्र त्यानंतर धंद्यात फारसा रमला नाही.

"मग यंत्र नको," जेराल्ड म्हणाला. "आहेत ती यंत्रं दामटू."

तेव्हा बँकेने एड्रियन पारला पाठवलं. एकतीस वर्षांचा, नीटनेटका, बोलताना हातवारे करणारा मुलगा. त्याची आई बेरिल याच लाँड्रीत इस्त्रीच्या रोलरवर पंधरा-सोळा वर्षं काम करत होती. मुलगा सूट घालून मालकाच्या ऑफिसात शिरला तेव्हा सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बेरिल लाजून रोलरमागे लपली.

एड्रियनने इलाज आणला होता, व्याजदराचा स्वॅप, म्हणजे व्याजांची अदलाबदल. जेराल्डने पाच मिनिटं ऐकलं आणि हात वर केले. "हे युनिसला समजाव बाबा. तिला पटलं तर मला पटलं."

मग कँटीनमधल्या खिडकीपाशी दोघं अख्खी दुपार बसले. बेरिलने त्यांना दोनदा चहा आणून दिला.

"असं समजा," एड्रियन म्हणाला, "एका हॉटेलवाल्याने तुमच्याशी दहा वर्षांचा करार केला. चादरीमागे पन्नास पेनी, ना कमी ना जास्त. पुढे बाजारभाव सत्तर झाला, तर कोण खूश?"

"हॉटेलवाला."

"आणि तीसवर आला तर?"

"आम्ही खूश. तो बोंबलत बसेल."

"बोंबलायचं कशाला? त्याला खात्री हवी होती, ती मिळाली. इथे तुम्ही त्या हॉटेलवाल्याच्या जागी. कर्ज आहे तसंच राहणार. त्याच्या शेजारी हा दुसरा करार. यात बँक तुम्हाला बदलतं व्याज देणार आणि तुम्ही बँकेला ठरलेले पावणेसहा टक्के देणार. बदलतं व्याज या हाताने घ्यायचं, त्या हाताने कर्जात भरायचं. तुमच्या खिशातून जाणार ते फक्त ठरलेलं. वर कर्जावरचा बँकेचा दीड टक्का नफा, तो तर असाही आहेच."

युनिसला ते लख्ख समजलं. इतकी वर्षं बँकेतले लोक तिच्याशी बोलायचे ते 'मालकांना विचारून कळवा' एवढंच. हा मुलगा तिच्याशी बरोबरीने बोलत होता. तिला हुरूप आला आणि तिने आपणहून विचारलं, "आणि हॉटेलवाल्याला चार वर्षांनी करार मोडायचा झाला तर?"

एड्रियनने टेबलावर थाप मारली. "हा प्रश्न कुणी विचारतच नाही! तुम्ही पहिल्या." त्याने कोरा कागद ओढला आणि पेनाने रेघा मारल्या. "भाव तीसवर असताना मोडलात, तर लाँड्रीवाला म्हणणार, उरलेल्या सहा वर्षांत चादरीमागे माझे वीस-वीस पेनी बुडाले, ते आधी मोज. भाव सत्तर असताना मोडलात तर उलट तुम्हालाच मिळतील." मग खाली त्याने खरा आकडा लिहिला: दर दोन टक्क्यांनी उतरले आणि बाहेर पडायचं ठरलं, तर सुमारे दोन लाख पौंड. त्याखाली दोन रेघा. "हे मिस्टर व्हाइटसाइडना दाखवा. विसरू नका."

"कर्ज सात वर्षांचं, मग हे दहाचं का?" तिने विचारलं.

इथे मात्र तो जरा अडखळला. "वरून दहाचंच आलंय. कर्ज काय, तुम्ही पुन्हा घ्यालच की."

ते तिने सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी जेराल्ड तिच्या टेबलाशी आला. "मला एक पान दे, युनिस. एकच. आणि त्यात धडकी भरवणारं काही घालू नकोस, नाहीतर माझ्याच्याने सही होणार नाही." तो हसत होता. जाता जाता म्हणाला, "हे एकदा मार्गी लागू दे, तुझ्या दारावर संचालक म्हणून पाटी लावतो. केव्हाच लावायला हवी होती."

युनिसने एक पान लिहिलं. ठरलेलं व्याज, दहा वर्षं, मनाला शांती. एड्रियनचा हाताने लिहिलेला कागद तिने दोनदा फाइलमध्ये ठेवला आणि दोनदा काढला. दर दोन टक्क्यांनी उतरायला काय जग बुडणार आहे? आणि करार मोडायचाय कुणाला? जेराल्ड हा कागद बघेल, घाबरेल, यंत्र राहून जाईल, पाटीही राहून जाईल. तिने तो आपल्या खणात, चेकबुकांच्या खाली सरकवला. जेराल्डने सही केली. पंधरवड्यात पाटी लागली.

पहिलं वर्ष तिचं होतं. दर चढले आणि स्वॅपच्या खात्यावर बँकेनेच लाँड्रीला थोडे पैसे दिले. जेराल्डने कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या युनिसने बँकेकडून वसुली केली!" ती लाजली, पण रात्रीच्या जेवणात तिने नवऱ्याला ते दोनदा ऐकवलं.

मग २००८ची पानगळ आली. दर कोसळायला लागले ते थांबेनात. मार्चपर्यंत अर्ध्या टक्क्यावर आले. हेशमच्या रस्त्यावरची दुसरी लाँड्री कर्जावर दोन टक्के भरत होती आणि चादरीचा भाव पाडत होती. व्हाइटसाइड सव्वासात भरत होती. वर्षाला सत्तर हजार पौंड नुसत्या फरकाचे जात होते. जेराल्ड कुरकुरला, पण समजूतदारपणे. "खात्री हवी होती, खात्री मिळाली. दर पंधरावर गेले असते तर हेच लोक आपल्याकडे बघून जळले असते." तो हे म्हणायचा तेव्हा युनिसला धीर यायचा. हे तर खरंच होतं. स्वॅपने आपलं काम चोख केलं होतं.

२०१०च्या शरदात जेराल्डचे गुडघे गेले. त्याने लाँड्री विकायचं ठरवलं. प्रेस्टनची एक मोठी कंपनी तयार झाली. भाव चांगला होता, कामगार सगळे ठेवणार होते. फक्त एक अट होती, स्वॅप आधी मिटवून द्या.

बँकेने मिटवण्याचा आकडा पाठवला. दोन लाख एकतीस हजार.

जेराल्ड ते पत्र घेऊन तिच्या खोलीत आला, दार लावलं आणि खुर्चीत बसला. दुपारचे तीन वाजले होते. खाली यंत्र घरघरत होतं.

"हे काय आहे, युनिस?"

तिने वाचलं. तिला ठाऊक होतं काय आहे ते.

"दोन लाख? मोडायचे दोन लाख? हे आपल्याला कुणी सांगितलं होतं का?"

खण तिच्या गुडघ्याला लागत होता. हात घालायचा आणि कागद काढायचा, एवढंच होतं. जेराल्डचा चेहरा राखेसारखा झाला होता. दारावरची पाटी तिला काचेतून उलटी दिसत होती.

"नाही," युनिस म्हणाली. "आपल्याला कुणी नाही सांगितलं."

"तुलाही नाही?"

"मलाही नाही."

जेराल्ड उठला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा काय दोष यात," तो म्हणाला. तो हात तिला पुढे कित्येक दिवस जाणवत राहिला.

एवढे पैसे आधी भरणं जेराल्डला शक्य नव्हतं. सौदा मोडला. प्रेस्टनवाले निघून गेले. हिवाळ्यात जेराल्डने दुसरी पाळी बंद केली आणि नऊ बायकांना घरी पाठवलं. प्रत्येकीला स्वतः बोलावून, रडत, बँकेने कसं लुटलं ते सांगून. मग तो पेटला. गावच्या पेपरात त्याचा फोटो छापून आला, घडी घातलेल्या चादरींपुढे उभा. 'बँकेच्या तरुणाने गोड बोलून गळ्यात फास घातला.' नाव छापलं नव्हतं. मोरकममध्ये नाव छापायची गरजही नव्हती.

बँकेने एड्रियनला विचारलं, धोका समजावला होतास का? तो म्हणाला, समजावला होता, हाताने लिहून दिला होता. नक्कल कुठाय? नक्कल नव्हती. नोंद ठेवली नाही म्हणून त्याला काढलं.

आणि कँटीनमध्ये बेरिल एकटी बसू लागली. आधी नुसतं टेबल रिकामं व्हायचं. मग एके दिवशी तिचा कप फडताळातून गायब झाला आणि बाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर, पावसाचं पाणी भरलेला सापडला. बेरिलने तो धुतला, पुसला आणि थेट युनिसच्या खोलीत आली. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत कधी आली नव्हती.

"युनिस, तू त्या दिवशी त्याच्यासोबत होतीस."

"कुठल्या दिवशी?"

"असं नको करूस. मी चहा दिला तुम्हाला. तो कागदावर काहीतरी काढत होता आणि तू मान डोलवत होतीस. घरी येऊन मला म्हणाला, आई, तुमच्या युनिसने असा प्रश्न विचारला की मी चाट पडलो. काय प्रश्न होता गं तो?"

युनिसने टेबलावरचं पेन सरळ केलं. "बेरिल, तीन वर्षं झाली. मला नाही आठवत."

"नाही आठवत."

"नाही."

बेरिल तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखादी चादर उजेडात धरून डाग गेला की नाही बघावं तशी. मग म्हणाली, "बरं." त्याच शुक्रवारी तिने काम सोडलं. एकोणीस वर्षं झाली होती तिला. निरोपाचा केक कुणी आणला नाही. युनिसने आणायचं मनात घेतलं, आणि तेही केलं नाही.

पहिलं खोटं घाबरून सुटलं होतं, त्याला ती काहीबाही कारणं द्यायची. या दुसऱ्याला कारण सापडेना. ती बेरिलच्या गल्लीतून जाणं टाळू लागली. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागली. दारावरची पाटी पुसायला बाई आली की म्हणायची, राहू दे, स्वच्छ आहे.

२०१३ साली देशभर या स्वॅपांची चौकशी लागली. छोट्या धंद्यांना नीट समजावून न सांगता हे करार विकले गेले का, ते तपासायचं आणि भरपाई द्यायची. जेराल्डने अर्ज केला. लीड्सहून एक तपासनीस बाई आल्या, मिसेस ओकडेन नावाच्या. बँकेच्या नव्हेत, तिऱ्हाईत. जेराल्ड, युनिस आणि त्या अशा तिघांची ऑफिसात बैठक झाली.

"करार मोडण्याचा खर्च किती येऊ शकतो, हे सहीआधी आपल्याला आकड्यात सांगितलं होतं का?" मिसेस ओकडेननी विचारलं.

"एक अक्षर नाही," जेराल्ड म्हणाला. "हवं तर हिला विचारा. ही कधी खोटं बोलत नाही."

युनिस आदल्या दिवसापर्यंत ठरवून होती की 'नाही' म्हणायचं. तीन वर्षांपूर्वीचंच 'नाही', पुन्हा एकदा. पैसे मिळतील, जेराल्ड सुटेल, कुणाचं काय बिघडतंय? एड्रियनचं जे बिघडायचं ते बिघडून गेलं होतं. पण सकाळी ऑफिसात आल्यावर तिने तो कागद खणातून काढून पर्समध्ये टाकला होता, आणि का टाकला ते स्वतःला विचारलं नव्हतं.

'ही कधी खोटं बोलत नाही' हे ऐकल्यावर तिला तिथे बसवेना.

तिने कागद टेबलावर ठेवला. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं. एड्रियन पार यांनी लिहून दिलं आणि मालकांना दाखवा म्हणाले. मी दाखवलं नाही."

मिसेस ओकडेननी कागद उचलला, दोन रेघांखालून बोट फिरवलं आणि काहीतरी टिपून घेतलं. त्यांच्यासाठी तो एक पुरावा होता. जेराल्ड खिडकीबाहेर बघत होता. बैठक संपली, मिसेस ओकडेन खाली गेल्या, तरी तो तिकडेच बघत होता.

"का?" तो शेवटी म्हणाला.

"तुम्ही घाबरला असतात. आणि मला पाटी हवी होती."

"मी घाबरलो असतो," तो म्हणाला. "बरोबर आहे. पण मी सही केली असती की नसती, ते मला ठरवू द्यायचं होतंस."

"हो."

"आणि नंतर? मी विचारलं तेव्हा?"

युनिसने पर्स मिटली.

"नऊ जणींना मी घरी पाठवलं, युनिस. एकेकीचा हात धरून त्या पोराचं नाव सांगितलं. पेपरात सांगितलं. पबमध्ये सांगितलं. बेरिल इथून गेली, मी तिला थांबवलं नाही. मनात म्हटलं, गेली ते बरं झालं." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता मी, आठवतंय?"

"आठवतंय."

"मलाही आठवतंय."

तिने राजीनामा दिला. जेराल्डने तो वाचला आणि खिशात घातला. "नवीन माणूस मिळेपर्यंत येत राहा," म्हणाला. "अर्धवट हिशेब दुसऱ्याच्या गळ्यात मारू नकोस." नवीन माणूस मिळायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत तो तिच्याशी कामापुरतं बोलला, 'गुड मॉर्निंग' धरून.

चौकशीचा निकाल तीन पानी आला. मोडण्याचा धोका ग्राहकाला समजावला होता, सबब त्यापोटी भरपाई नाही. मात्र सात वर्षांच्या कर्जावर दहा वर्षांचा स्वॅप लादायचं बँकेला काही कारण नव्हतं. शेवटची तीन वर्षं दंडाशिवाय रद्द. म्हणजे एड्रियन जिथे अडखळला होता, नेमकी तेवढीच चूक बँकेच्या पदरात पडली.

निकाल आला त्या रविवारी युनिस बेरिलच्या दारात गेली. दार एड्रियनने उघडलं. तो आता हेशमच्या बंदरावर, बोटीत चढणाऱ्या ट्रकांचे कागद तपासायचा. अंगावर पिवळं जाकीट होतं. तिने सगळं सांगितलं, पायरीवर उभ्याउभ्या. आत या, असं तो म्हणाला नाही. मागे, घरातल्या पॅसेजमध्ये बेरिल दिसत होती, कणकेने भरलेले हात पुढे धरून.

"कागद आहे अजून?" एड्रियनने विचारलं.

तिने छायाप्रत दिली. त्याने ती बराच वेळ पाहिली.

"चांगलं समजावलं होतं की मी," तो म्हणाला, जणू त्याला स्वतःलाच शंका आली होती. मग आईकडे वळला. "बघ आई. चांगलं समजावलं होतं."

बेरिल पुढे आली नाही. "मला माहीत होतं," ती तिथूनच म्हणाली. "मला काय, हिलाही माहीत होतं." आणि आत गेली.

"मी काय करू?" युनिसने विचारलं.

"पेपरात आलं होतं," एड्रियन म्हणाला. "पेपरातच येऊ दे."

तिने पत्र लिहिलं. संपादकाने ते कापून चार ओळींचं केलं आणि आतल्या पानावर, भरती-ओहोटीच्या वेळांशेजारी छापलं. तिचं नाव होतं, त्याचंही होतं. बँकेने त्याला परत घेतलं नाही. त्याची जागा तोवर कधीच भरली गेली होती. पण बंदरावर त्याला बढती मिळाली असं तिच्या कानावर आलं. बेरिल तिच्याशी पुन्हा बोलली नाही.

जेराल्डने पुढच्या वर्षी लाँड्री विकली. भाव पहिल्यापेक्षा बराच कमी आला. तो ग्रेंजला बहिणीकडे राहायला गेला. नाताळाचं कार्ड त्याने पाठवलं. त्यात नुसती सही होती.

युनिस मोरकममध्येच राहिली. बासष्टाव्या वर्षी नवं गाव कुठे शोधणार? लोक फारसं काही बोलत नसत. अशा गावात लोक बोलत नाहीत, नुसते जरा बाजूला सरकतात. औषधाच्या दुकानात एकदा रांगेत तिच्यापुढे आयव्ही थ्रेलफॉल उभी होती, त्या नऊ जणींपैकी एक. आयव्हीने वळून पाहिलं.

"वाचलं मी पेपरात," ती म्हणाली. "चारच ओळी होत्या."

"हो."

"आमचं नाव नव्हतं त्यात. आम्हा नऊ जणींचं."

खरंच नव्हतं. संपादकाने कापलं नव्हतं. तिने लिहिलंच नव्हतं. बेरिलचं आणि एड्रियनचं ओझं उतरवायच्या घाईत त्या नऊ जणी तिच्या ध्यानातच आल्या नव्हत्या.

"लिहिते," ती म्हणाली.

"आता कशाला?" आयव्ही म्हणाली. दुकानदाराने हाक मारली तशी ती पुढे सरकली, आणि आपल्या नवऱ्याच्या गोळ्या मागू लागली.